दिनकर, तुझं आयर्लंड आणि माझं एक मत

दिनकर,

तुझ्या मयतीला येत्या निवडणुकीची तयारी करणारे तिघं जण आले होते. तिघांचे कपडे पांढरेशुभ्र, तिघांनीही खांदा दिला आणि तिघांच्याही माणसांनी फोटो काढले. एकानं शोभावहिनींसमोर हात जोडून "सर माहे मार्गदर्शक होते" असं सांगितलं. त्याला तू अकरावीत नापास केलं होतंस, हे मला पक्कं ठाऊक आहे. मला तिथं हसू आलं, काय करू. तूच तर सांगितलं होतंस की आयर्लंडातला आमदार एक वेळ सभागृहात जाणार नाही, पण मतदारसंघातल्या मयतीला हमखास जाणार. "पाय सुभाष, देश किती दूरचा, पन रीत आपलीच," असं म्हणून तू मांडीवर थाप मारली होतीस. ते आठवलं आणि तुला सांगावं म्हणून मी बाजूला वळलो. बाजूला तुझा पुतण्या उभा होता. त्याला वाटलं काकाला चक्कर आली, त्यानं मला धरून खाली बसवलं.

आज तेरा दिवस झाले. मी थकलो आहे. रडून थकावं इतकं रडणंही झालेलं नाही, नुसताच थकलो आहे. दुकान उघडतो, वह्यांवरची धूळ झटकतो आणि गिऱ्हाईक आलं की कंटाळा येतो. लोक सांत्वनाला येतात आणि तुझी माहिती मलाच सांगतात. जन्म केनवडचा, नोकरी केनवडच्याच शाळेत, घर शिरपूरला, विषय राज्यशास्त्र. ते सगळं आता छापूनही येईल. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती तीन वर्षं सांगायची राहिली. आपल्या वाचनालयाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मी माझ्या चिठ्ठीवर काय लिहिलं, ती गोष्ट. तुला ती माहीत नाही, असं समजून मी जगत होतो.

पण तिथवर यायचं तर आयर्लंडातूनच यावं लागेल, तुझ्याकडे दुसरी वाटच नव्हती.

तुझ्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं, ते गावात फार थोड्यांना ठाऊक आहे. आपण सगळ्यांनीच शाळेत ती एक ओळ पाठ केली होती. राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं कोणाकडून घेतली? आयर्लंडकडून. एक मार्क. तू ती ओळ वीस-बावीस वर्षं शिकवलीस, मी ती ओळ छापलेली गाईडं तेवढीच वर्षं विकली आणि दोघांचंही बरं चाललं होतं. मग एक दिवस वर्गात ती इंझोरीची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आपन त्याईच्यापासून घेतले, पन त्याईनं सोताच ते पाळले का?" तू संध्याकाळी दुकानात आलास तेव्हा तुझा चेहरा उतरलेला होता. मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? तू म्हणालास, "लेका, बावीस वर्ष झाले, मले हा सवाल पडलाच नाई."

त्या दिवशी तू माझ्या दुकानातून एक नकाशांचं पुस्तक नेलंस. आयर्लंड कुठं आहे ते बघून उद्या आणून देतो म्हणालास. दिनकर, ते पुस्तक अजून तुझ्याच घरी आहे.

त्यानंतर तुझ्या लांब वह्या सुरू झाल्या. 'आयर्लंडचं राजकारण आणि राज्यकारभार : एक ओळख.' नाव ऐकून मी म्हणालो होतो, "शिरपुरात हे कोन वाचनार बे? मंदिरात येनारे यात्रेकरू?" तू म्हणालास, "तू वाच, बस झालं." मी प्रश्नोत्तरं घाल म्हणालो, स्पर्धा परीक्षेची पोरं विकत घेतील म्हणालो. तुझं एकच, "प्रश्नोत्तरं केले का सवाल मरते." ते भांडण आपण शेवटपर्यंत मिटवलं नाही. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं.

रोज संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर तू लिहिलेलं वाचून दाखवायचास. दिवस कलायला लागला की तूच मला हुसकायचास, "ऊठ, सूर्य बुडून राह्यला, तुहं जेवन राहीन." माझा दिवसाउजेडी जेवायचा नेम माझ्यापेक्षा तूच जास्त सांभाळलास. त्यामुळे प्रत्येक प्रकरणाचा शेवट मला दुसऱ्या दिवशी कळायचा.

किती काय काय शिकवलंस त्या ओट्यावर. विदर्भापेक्षा लहान देश आणि राज्यघटना आपल्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी. त्यांच्या लोकसभेला डॉल म्हणतात आणि पंतप्रधानाला टीशक. राष्ट्रपती लोक थेट निवडतात, पण त्याच्या हातात अधिकार बेताचेच. तिथला आमदार आठवड्यातून एक दिवस गावात बसून लोकांच्या तक्रारी ऐकतो आणि त्या बैठकीला ते दवाखाना म्हणतात. हे ऐकल्यावर पुंजाजी म्हणाले होते, "आपल्या इकडं तं दवाखान्यातबी कोनी बसत नाई." पुंजाजींना तू विसरला नसशील. पासष्ट वर्षांचा माणूस, दोन एकरात तूर पेरणारा, तुझं प्रत्येक प्रकरण खांबाला टेकून डोळे मिटून ऐकायचा. आपल्याला वाटायचं म्हातारा झोपला.

राज्यघटनेचा एक शब्दही लोकांना विचारल्याशिवाय तिथं बदलता येत नाही, हे वाचताना तुझा आवाज चढायचा. सभागृहानं ठरवलं तरी नाही. गावोगाव मतदान घ्यायचं, हो की नाही विचारायचं. आणि मोठा अवघड प्रश्न आला की मतदार यादीतून साधी माणसं उचलायची, शंभराच्या आसपास, कोणी ड्रायव्हर, कोणी घरकाम करणारी बाई. त्यांना महिनोन्महिने शनिवार-रविवार एकत्र बसवायचं, जाणकारांना त्यांच्यापुढे बोलायला लावायचं आणि त्यांचं मत मागायचं. मी म्हणालो, आपल्याकडे ग्रामसभेला माणसं जमत नाहीत म्हणून घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या घ्याव्या लागतात, तुझे शंभर कुठून आणायचे? तू चिडलास. दोन दिवस ओट्यावर आला नाहीस. तुझा राग तसा बिनआवाजाचा, घरात बसून राहायचा. तिसऱ्या दिवशी आलास आणि पुढचं प्रकरण वाचायला लागलास, जणू मधे काही झालंच नाही.

त्या दोन पक्षांचं प्रकरण मात्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात समजलं. स्वातंत्र्य मिळालं ते अर्धंमुर्धं. काहींनी म्हटलं घेऊ, पुढचं पुढे बघू. काहींनी म्हटलं असलं अर्धं नको. कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्यांनी एकमेकांवर बंदुका चालवल्या. पुढे त्या दोन बाजूंचे दोन पक्ष झाले. दोघांच्या बोलण्यात फरक शोधायचा म्हटलं तर भिंग लागेल, तरी जवळजवळ शंभर वर्षं एकानं दुसऱ्याबरोबर सरकार केलं नाही. आजोबा त्या दिवशी कुठल्या बाजूला उभे होते, त्यावर नातवाचं मत ठरायचं. ओट्यावरचे नारायणराव म्हणाले, "म्हंजे आपल्या गावातल्या पॅनलसारखंच झालं." आणि शेवटी ते एकत्र आले तेव्हा टीशकची खुर्ची त्यांनी निम्मी-निम्मी वाटून घेतली, हे तू सांगितलंस आणि सगळा ओटा एका सुरात ओरडला, "अडीच-अडीच वर्ष!" तू वही मिटून हसत बसलास. इतका हसलास की खोकला लागला. तुला तसं हसताना मी नंतर फार कमी पाहिलं.

आता मतदानाचं. ते तुझं सगळ्यात लाडकं प्रकरण.

तिथं चिठ्ठीवर फुली मारत नाहीत, आकडे घालतात. सगळ्यात आवडता त्याला एक, त्याच्यानंतरचा त्याला दोन, मग तीन. पहिल्या मोजणीत कोणालाच पुरेशी मतं नाहीत, तर सगळ्यात मागे असलेला बाद होतो आणि त्याच्या चिठ्ठ्यांवर दोन नंबर कोणाला आहे ते बघून त्या वाटून देतात. मोजणी कधीकधी चार-चार दिवस चालते. तू म्हणायचास, यात मोठी गंमत ही की उमेदवाराला विरोधकाच्या दारातही गोड बोलत जावं लागतं. पहिला नाही तर नाही, दुसरा नंबर तरी मला द्या. आपल्याकडे एकदा माणूस दुसऱ्या पॅनलचा आहे हे कळलं की त्याच्या घरचा चहाही बंद होतो. "पद्धत बदलली का मानूस बदलते," तू म्हणायचास. मी म्हणायचो, "पद्धत कशीबी आन, मानूस तोच राह्यते." या एका वाक्यावर आपण किती संध्याकाळी घालवल्या असतील.

आणि मग वाचनालयाच्या अध्यक्षपदाची निवडणूक लागली आणि तू हट्टाला पेटलास की ती आयर्लंडच्या पद्धतीनं घ्यायची.

तालीम आठवते? चहा, ताक आणि लिंबू सरबत, असे तीन उमेदवार उभे केलेस. सभासदांनी आकडे घालायचे. अर्ध्या लोकांनी नुसता चहाला एक घातला आणि बाकी कोरं सोडलं. तू काहून म्हणून विचारलंस तर म्हणे, ताकाले दोन देला तं चहाचं मत कमी होते ना! तू अर्धा तास समजावलंस की होत नाही. उरलेल्या काहींनी तर तिघांनाही एक-एक घातला. "सर, कोनाले कायले नाराज करा? तिघंबी आपलेच." ताकालासुद्धा नाराज करायचं नाही! तुझं डोकं फिरलं होतं, पण ताक निवडून आलं आणि ते पाजावं लागलं तेव्हा तूही दोन पेले घेतलेस.

खरे उमेदवार तिघं. तू, मी आणि नारायणराव. आता खरं सांगतो, मी कशाला उभा राहिलो ते. लोकांना वाटलं व्यापारी मंडळींनी उभं केलं. तसं नव्हतं. पहिलीपासून दहावीपर्यंत तू पहिला आणि मी दुसरा. दहा वर्षं. बक्षीस समारंभात माझं नाव तुझ्या नावानंतर. लग्नसुद्धा तुझं आधी झालं. मला तुझा राग कधी नव्हता, दिनकर, देवाशपथ नव्हता. पण साठी ओलांडल्यावरसुद्धा कुठंतरी आत एक पोरगा बसलेला असतो, त्याला एकदा तरी पहिलं यायचं असतं.

आपल्याकडे उमेदवारानं स्वतःला मत देणं बरं दिसत नाही. आपल्या वडिलांच्या वेळेपासून वाचनालयात तीच रीत, स्वतःचं मत समोरच्याला द्यायचं. मतदानाच्या आदल्या सभेत मी उभा राहिलो आणि छाती काढून सांगितलं, "माहा पहिला नंबर दिनकरले!" टाळ्या पडल्या. तू माझा सदरा खाली ओढत होतास, "बस न बे," म्हणत होतास आणि लाजून हसत होतास. मला ते बोलताना खरंच वाटत होतं. मी खोटं बोलत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यामागे गेलो तोवरसुद्धा खरंच वाटत होतं.

पडद्यामागे चिठ्ठी समोर ठेवली. तीन नावं. माझ्या नावापुढे मी एक लिहिला आणि तुझ्या नावापुढे दोन.

सांगायला किती सोपं निघालं हे. एका ओळीत झालं.

कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका बाई मोजणीला होत्या. चौसष्ट चिठ्ठ्या, त्यातल्या तीन बाद, कारण तालमीनंतरही तिघा भल्या माणसांनी सगळ्यांना एक-एक घातला होता. पहिल्या फेरीत तू सत्तावीस, मी तेवीस, नारायणराव अकरा. नारायणराव बाद. त्यांच्या अकरातले आठ माझ्याकडे आले आणि तीन तुझ्याकडे. मी एकतीस, तू तीस. एका मतानं. मी तुला पहिला नंबर दिला असता तर तू एकतीस आणि मी तीस. हा हिशोब मी तिथं उभ्या उभ्या केला. तू मात्र माझ्या गळ्यात हार घातलास आणि सगळ्यांना सांगायला लागलास, "पाह्यलं का? पहिल्या फेरीत मागं असलेला दुसऱ्या फेरीत निवडून आला! आपल्या पद्धतीत हे झालंच नसतं!" हरलेल्या माणसाला इतका आनंद झालेला मी पाहिला नाही. तू पद्धतीसाठी खूश होतास. मी तुझ्याकडे बघू शकत नव्हतो.

पुढची तीन वर्षं मी अध्यक्ष. मी आत आलो की सगळे उठून उभे राहायचे. तू पण उठायचास, मुद्दाम, मला चिडवायला. "बसा अध्यक्ष महाराज." वाचनालयाच्या दारावरच्या फळ्यावर मी रोज सकाळी तारीख आणि चांगलं वाक्य लिहितो, ते अध्यक्ष झाल्यावरही सोडलं नाही. तू तुझी वही वाचायचास, मी ऐकायचो आणि दर संध्याकाळी ठरवायचो की आज सांगू. मग सूर्य कलायचा आणि तू मला जेवायला हुसकायचास. मी सुटल्यासारखा उठायचो. माझ्या नेमाच्या आड मी किती वेळा लपलो, ते तुला कळलं नसेल असं मला वाटायचं.

तू आजारी पडलास, वाशीमच्या दवाखान्यात नेलं, तिथून अकोल्याला. मी दर दोन दिवसांनी बसनं यायचो. त्या एका दुपारी वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या. तू खिडकीकडे बघत होतास. म्हणालास, "ते दोन पक्ष, सुभाष. शंभर वर्ष लागले त्याईले एका खाटीवर बसाले." मी म्हणालो, हो. तू माझ्याकडे वळलास. "आपल्यापाशी तेवढा टाइम नाई. तुले काई सांगाचं हाये का?"

दिनकर, मी म्हणालो, "सकाळची गोळी घेतली का?"

तू हसलास. घेतली म्हणालास. मग आपण तुझ्या त्या शेवटच्या, न लिहिलेल्या प्रकरणावर बोललो. ते इंझोरीच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर होतं ना? त्यांनी स्वतः ती तत्त्वं पाळली का? तू म्हणालास, काही पाळली, काही नाही. ती मोडली तरी कोर्टात दाद मागता येत नाही, तिथंही नाही आणि इथंही नाही, म्हणजे पाळायची तर आपल्याच मनानं पाळायची. कोणी बघत नसताना. हे तू माझ्याकडे बघून बोललास की छताकडे बघून, ते मला आता आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचा मला फार त्रास होतो.

काल वाचनालयात तुझी शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणून पहिलं बोलायचं मला होतं. कागदावर तुझी माहिती लिहून नेली होती. शोभावहिनी पुढच्या रांगेत, पदर डोक्यावर घेऊन. मी कागद उघडला आणि मला त्यातलं एक अक्षर वाचवेना. मी कागद खिशात घातला आणि सांगून टाकलं. "मी भर सभेत म्हनलो होतो का माहा पहिला नंबर दिनकरले. मी देला नाई. मी माहाच मले देला. एका मतानं मी निवडून आलो, ते मत माहं होतं. ही खुर्ची दिनकरची हाये." एवढंच बोललो.

मला वाटलं, आता कोणीतरी उठून जाईल, किंवा वहिनी रडतील. मग मागून पुंजाजी उठले, खांबाला धरून.

"बसा सुभाषभाऊ," ते म्हणाले. "आमाले त्याच दिवशी मालूम झालं होतं."

पुंजाजींनी दाराकडे बोट दाखवलं.

"तुमी रोज फळ्यावर तारीख लिवता. तुमचा एक कसा असते, वरतं केवढा मोठा गोळा अन् खाली शेपूट पार लांब, ते साऱ्या गावाले ठावं हाये. बाईनं चिठ्ठी उघडली, मी बाजूलेच होतो. बाईनं सराकडं पाह्यलं. सरानं मान हलवली का पुढं चला." पुंजाजींनी खांब दुसऱ्या हातानं धरला. "मंग हार घातल्यावर सर आमाले अंगनात घेऊन गेले, सात-आठ जनाईले. म्हने, मत ज्याचं त्याचं असते. मी हरलो तं कायद्यानं हरलो. कोनी सुभाषले एक शब्द बोललं तं मी या वाचनालयाची पायरी चढनार नाई."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, "मले त्याच दिवशी सांगतलं होतं त्याईनं, जेवताना. म्हने, थो येईन सोताच सांगाले. वाट पाहू."

सभा नंतर कशी संपली, मला माहीत नाही. कोणी पाणी दिलं, कोणी पाठीवरून हात फिरवला. आपल्याच गावात, आपल्याच माणसांत तीन वर्षं मी एकटा होतो, बाकी सगळे एका बाजूला होते, आणि ती बाजू माझीच होती. त्या लोकांनी मला रोज उठून मान दिला आणि त्यात एकानंही टोमणा मारला नाही. तू म्हणायचास पद्धतीनं माणूस बदलतो. पद्धतीनं काय बदललं मला ठाऊक नाही. पण आठ माणसांनी तुझ्या एका शब्दाखातर तीन वर्षं तोंड मिटून ठेवलं, आणि हे गाव असं आहे की इथं सकाळी शिंकलं तर दुपारी रिसोडला कळतं.

मी तुझ्यावर चिडलो आहे, दिनकर. खूप चिडलो आहे. मला उपकार वाटायला हवेत, तेही वाटतात, पण काल सभेतून घरी आल्यापासून चीडच जास्त आहे. तू मला शिवी द्यायची होतीस. कॉलर धरायची होतीस. ओट्यावर सगळ्यांसमोर विचारायचं होतंस, काय रे सुभाष, असं का केलंस? मी रडलो असतो, भांडलो असतो, दोन दिवस दुकान उघडलं नसतं आणि तिसऱ्या दिवशी आपण चहा प्यायलो असतो. तू पेच टाकलास वाट बघण्याचा, आणि मी कसा आहे ते पहिलीपासून माहीत असून टाकलास. वाट बघून कधी आलो आहे का मी? मला ढकलावं लागतं.

तुझ्या वह्या वहिनींनी माझ्याकडे दिल्या आहेत. शेवटचं प्रकरण मला लिहिता येणार नाही, तेवढी अक्कल मला नाही. जेवढं आहे तेवढं छापीन, प्रश्नोत्तरं न घालता. अध्यक्षपदाचा राजीनामा मी सकाळी सभासदांपुढे ठेवला, तो पुंजाजींनी घेऊ दिला नाही. म्हणाले, मुदत पुरी करा.

तू मला माफ केलंस, हे बाईंना ठाऊक होतं, पुंजाजींना ठाऊक होतं, वहिनींना ठाऊक होतं. मला सांगायचं तेवढं तुझं राहून गेलं.